आर्ध्याचं आर्धं धरणारी सरूआक्का

सरूआक्काचा बॉक्सवर छापलेल्यावर इश्वास न्हवता. बॉक्स मोटरीचा असूंदे न्हायतर बिस्कुटाचा, ती चष्मा कपाळावर चढवायची, अक्षर डोळ्याला लावायची आणि म्हणायची, "आर्धं धर." मग जरा थांबून, "आणि त्येचं आर्धं कर. उरंल तेवढं खरं." एकदा गल्लीतल्या पोरीला स्थळ आलं, कागदावर पोराची उंची सा फूट लिवलेली, तर आक्का तिथं बी म्हणली, आर्धं धर. पोरीची आई रडायचीच राहिली.

आक्काचं काम म्हंजी हलती चित्रं. गणपतीत मंडळं देखावं करत्यात, त्यात राजा मान हलीवतोय, हत्ती सोंड उचलतोय, म्हातारी डोळा मिचकावत्या, ते सगळं तिच्या हातचं. बाहेरनं थर्माकोल आणि कापड, आणि आत काडीपेटीएवढ्या सर्वो मोटरी. सर्वो म्हंजी पंख्यासारखी गरागरा फिरणारी न्हवं, सांगंल तेवढंच वळती आणि तिथंच दम धरून थांबती. आता तेवढुश्या मोटरीला किती वजन झेपंल, हाताचं किती, सोंडेचं किती, ह्येचा अंदाज आधी बांधाय लागतोय, न्हायतर ऐन आरतीत हत्तीची सोंड लोंबत्या. त्यो अंदाज म्हंजी सरूआक्का. डिप्लोमा झाल्याली बाई, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कुठंतरी मोटरी तपासाय हुती. तिथल्या सायबाला तोंडावर म्हणली म्हणं, तुमचं बोलणं बी मी आर्धंच धरतो. मग घराच्या म्होरल्या खोलीतच दुकान मांडलं.

मी तिच्याकडं गेलो तवा माझी शिवू नुकती पालथी पडाय लागलेली. मी आठवीपतोर शिकलेलो, आणि बाळंत झाल्यापासनं मला सगळ्याचं भ्या वाटायचं, पोरीच्या घशात काय अडकंल, पाल पडंल, कुकर उडंल, मालक शिफ्टला गेलं की घरात मी आणि माझं भ्याच. आक्काला वायरी जोडाय कुणतरी पायजे हाय म्हणून कळलं, तर मी कसा गेलो माझं मलाच ठावं न्हाय. सासूनं, म्हंजी पल्याडच्या गल्लीत राहणाऱ्या आमच्या आत्याबाईंनी, जाऊ दिलं, पण एकच सांगितलं: पोरगी संगट न्यायची, आणि ती रडून रडून घसा बसवून घ्याय लागली आसं एकदा जरी दिसलं, तर त्याच दिवशी काम बंद. मी व्हय म्हणलो. आणि खरं सांगतो, मला ते काम लई पायजे हुतं. हातात स्क्रू डायवर आसला की तेवढा येळ भ्या कुठंतरी बाजूला बसायचं.

पयल्या दिवशी आक्कानं नाव इचारलं न्हाय, गाव इचारलं न्हाय. पाण्यानं भरलेला तांब्या हातात दिला आणि म्हणली, हात म्होरं सरळ कर. मी केला. ती स्टुलावर बसून च्या प्याय लागली. माझा हात थरथराय लागला, पाणी सांडाय लागलं, मला वाटलं हितनंच हाकलत्या.

"आता जवळ घे," ती म्हणली.

मी तांब्या छातीपाशी घेतला.

"जड लागतोय?"

"न्हाय की."

"तांब्या त्योच, पाणी तेवढंच. लांब धरलं की जड, जवळ घेतलं की हलकं. एवढं कळलं म्हंजी तू आर्धी इंजिनेर झालीस." मग जरा इचार केला. "आर्ध्याचं आर्धं धर. पाव झालीस."

तर मोटरीचं बी तसंच आसतंय. बॉक्सवर धा किलो लिवलेलं आसतंय, पण ते नखाएवढ्या अंतरावर, एका सेंटीमीटरवर. आक्का आपलं करंगळीचं नख दाखवायची आणि गिऱ्हाइकाला इचारायची, तुमच्या राजाचा हात काय नखाएवढा हाय का? जितकं अंतर वाढंल तितकं वजन कमी. आणि जेवढं निघंल त्येचं बी आर्धं, का तर सगळा जोर लावून मोटर दिवसभर उभी राहती व्हय? आणि त्येचं बी आर्धं, का तर बॉक्स छापणारा बी माणूसच हाय.

नुसत्या हिशेबावर बी तिचा इश्वास न्हवता, म्हणून मोटर तपासायची. मोटर शिकंज्यात धरायची, तिच्या वळणाऱ्या पांढऱ्या पट्टीला शाळेतली लाकडी फूटपट्टी स्क्रूनं बसवायची, आणि फूटपट्टीच्या टोकाला पिशवीत गूळ. व्हय, गूळच. वजनं का न्हाईत म्हणून मी इचारलं तर म्हणली, वजनाचा तुकडा पडतोय का? गूळ पायजे तेवढा फोडता येतोय, आणि काम झालं की च्यात जातोय. खडा खडा वाढवायची आणि मोटरीला कान लावून बसायची. मोटर सुखात आसली की गप उचलत्या. झेपंना झालं की बारीक गुरगुराय लागती, आणि बोट लावलं तर ऊन लागती. तिथं आक्का थांबायची. त्या गुळापायी दुकानात मुंग्यांची रांगच आसायची, एकदा एका हत्तीचा कानच हलंना, उघडून बघितलं तर आत मुंग्यांनी संसार मांडलेला. आक्का म्हणली, ह्येंचं लोड मी धरलं न्हवतं.

"मोटर कवा न्हाय म्हणत न्हाय," ती मला सांगायची, "गुरगुरत्या आणि उचलतच राहती, मग एक दिवस आतल्या चाकांचं दात मोडत्यात. आपण कान लावायचा." आणि माझ्याकडं अशी बघायची की मी उठून केर काढाय लागायचो.

तिचं हे मापणं दुकानाबाहेर बी बंद व्हायचं न्हाय. रिक्षात चौथा माणूस चढला की ती उतरायची. गल्लीतल्या एका लग्नात सगळे नवरानवरीसंगट फोटो काढाय स्टेजवर चढाय लागले, तर आक्का खाली हात आडवा धरून उभी, चौघंच चढा, पाचवा नगं, फळ्या बघितल्यात का. कोण ऐकतंय? सगळी भावकी चढली, नाचली, आणि स्टेजला काय सुदीक झालं न्हाय. मी म्हणलो, आक्का, धरलं की स्टेजनं. ती जिलेबी खात म्हणली, आज धरलं. आणि फोटोला काय ती चढली न्हाय.

पण एका गोष्टीला आक्का भ्यायची, ते मला उशिरा कळलं. शिवूला मी चटईवर निजवायचो, तर आक्का तिच्या लांबनं वळसा घालून जायची, भिंतीला खेटून, जशी काय मधी विहीर हाय. कवा हात लावला न्हाय. मी एकदा म्हणलो, घ्या की जरा. तर म्हणली, "नगं. ह्या मॉडेलचं कागुद माझ्याकडं न्हाय." मला वाईट वाटलं, वाटलं बाईला पोरं आवडत न्हाईत. मग एकदा शिवू शिंकली आणि आक्काच्या हातातनं मोटर पडली, तवा मी तिचं तोंड बघितलं. आता भ्या म्हणलं की ते मला नीट वळीखता येतंय, मी दिवसभर तेच बघत आसतो आरशात.

शिवूला हलीवल्याबिगर झोप यायची न्हाय. आढ्याच्या कडीला लुगड्याचा पाळणा बांधलेला, त्येची दोरी माझ्या एका हातात, दुसऱ्या हातानं वायरी. आक्का चार दिवस बघत बसली, पाचव्या दिवशी म्हणली, दोरीला बांधलेली बाई आर्धीच कामाला येती. आणि तिनं पाळणा हलवायला सर्वो मोटर लावायची ठरीवली. मी पाळण्याची दोरी घट्ट धरली. म्हणलो, आक्का, एवढुशी मोटर, तिला माझी पोरगी कशी झेपंल?

"पोरगी मोटरीनं उचलायची न्हायच. पोरगी उचलत्या वरची कडी. मोटरीनं फकस्त टिचकीएवढा धक्का द्यायचा, आणि त्यो बी पाळणा आपसूक म्हागं वळला की. मधीच आडवी गेली की दात मोडणार." दोरी बी तिनं ढिली ठेवली, म्हंजी मोटर अडकली तरी पाळणा त्येच्या चालीनं हलत ऱ्हाईल.

मग तपासणी. पोरीच्या जागी घालाय तिनं बाजारातनं गुळाचा अख्खा रवा, म्हंजी ढेपच, आणला, शिवूच्या वजनापरीस जडच. त्यो दुपट्यात गुंडाळला. मी म्हणलो, मुंग्या लागतील, डोस्कं झाका. तर तिनं शिवूचं हिरवं टोपडं गुळाला घातलं आणि नाडी बी बांधली. दिवसभर गुळाचा रवा पाळण्यात झोके घेतोय आणि आक्का कान लावून मोटरीचं बघत्या. शेजारच्या मावशी सुपलीनं पीठ मागाय आल्या, पाळण्यात वाकून बघितलं, टोपडं तेवढं दिसलं, म्हणल्या, किती गुणाचं बाळ गं, हूं न्हाय का चूं न्हाय. आणि बोटं मोडून गुळाची दिष्ट काढली. त्या गेल्यावर आक्का म्हणली, "गुळाला झोप लागली. तुझ्या पोरीला बी लागंल."

तरी माझं मन हुईना. एक दोन दिवस मी दोरी हातानंच वढली, आक्कानं जोर केला न्हाय. मग एका दुपारी मी शिवूला आत ठेवलं, आणि पाळण्याखाली माझं दोन्ही हात पसरून बसलो, पडली तर झेलाय. ती झोपली. माझं हात तसंच. आक्का म्हणली, आता तू गुरगुराय लागलीस, काढ हात. मी काढले. मला त्या दिवशी काय वाटलं ते सांगता येत न्हाय, दोन्ही हात एकदम रिकामे, कुठं ठेवायचे तेच कळंना.

त्याच वर्सीच्या गणपतीत गदेचं झालं. एका तालमीच्या मंडळानं पैलवान सांगितला, माणसाएवढा, गदा वर उचलणारा. अध्यक्ष आप्पासाहेब, आडवातिडवा माणूस, बोलायला लागला की खिडकीच्या काचा वाजायच्या. आक्कानं मोठी मोटर बसवली, लोखंडी दाताची, बॉक्सवर पस्तीस किलो लिवलेली. आणि गदा केली थर्माकोलची, वरनं सोनेरी रंग, लांबनं अस्सल. आप्पासाहेबांनी ती उचलली आणि त्येंचं तोंड पडलं. कोल्हापूरची तालीम, म्हणले, आणि थर्माकोलची गदा? बाहेरगावचं पावणं हसतील.

आक्कानं त्येंना नख दाखवलं. म्हणली, पस्तीस किलो ह्या नखावर. पैलवानाचा हात दोन फुटाचा. त्या टोकाला जाईस्तोवर उरला आर्धा किलो. त्येचं आर्धं, आणि त्येचं आर्धं. हात आणि गदा मिळून आदपाव. त्येच्यावर एक फूल सुदीक ठेवायचं न्हाय.

आप्पासाहेब बरं म्हणून गेले. आणि उद्घाटनाच्या दिवशी, आम्ही यायच्या आधी, त्येंनी तालमीतली लाकडी गदा आणली, तिला तेल लावलं, हार घातला, आणि पैलवानाच्या हाताला तारेनं आवळून बांधली. पस्तीस किलो लिवलंय की, म्हणले, ही तर चार किलोची.

संध्याकाळी समोर गल्ली भरलेली. बटन दाबलं. पैलवानाच्या खांद्यात गुरगुर चालू झाली, मला लांबनं ऐकू आली, आक्कानं तर डोळंच मिटले. गदा जराशी वर आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यातच आतनं कटकट कटकट असा आवाज आला, सगळे दात गेले, आणि हात जो खाली आला त्यो सरळ म्होरं ठेवलेल्या प्रसादाच्या शिऱ्याच्या पातेल्यात. गदा शिऱ्यात रुतून बसली. कुणतरी मागनं वरडलं, "पैलवानास्नी भूक लागली, वाढा वाढा." आप्पासाहेब तेवढे गप. मी आयुष्यात त्येंना गप तेवढं एकदाच बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हात दुकानात परत आला, शिऱ्यासकट, आणि संगट आप्पासाहेब. संध्याकाळच्या आरतीच्या आत जोडून पायजे. नवी मोटर आक्कानं बसवली, आणि फुटलेला खांदा चिकटवायचं माझ्याकडं. दोन ट्यूबा मिसळून लावायचा चिकटा आसतोय, त्यो घट्ट हुईस्तोवर दोन्ही हातांनी दाबून धरायचं, जरा हललं तर खांदा वाकडा, आणि सगळं परत पयल्यापासनं. मी धरून बसलो. शिवू पाळण्यात. मोटर टिचकी मारत्या, पाळणा हलतोय. आप्पासाहेब कोपऱ्यात स्टुलावर, अपराध्यागत.

आणि दारात आत्याबाई.

सांगून आल्या न्हवत्या. काखेत पिशवी, डोक्यावर पदर. मी म्हणलो, या की बसा, पण माझं हात पैलवानाच्या खांद्यात. त्या बसल्या न्हाईत. म्हणल्या, मी बघाय आलोय, तुझं चालूंदे. पाळण्याकडं बघितलं, मोटरीकडं बघितलं, झोपलेल्या शिवूकडं बघितलं, आणि तोंडावर काय सुदीक दिसंना.

आणि लाईट गेली.

मोटर थांबली. पाळणा आपल्या चालीनं थोडा येळ हलला, मग हळू, मग गप. शिवूनं डोळं उघडले. आधी खालचा ओठ काढला, मग जी वरडली, रस्त्यावरचं कुत्रं उठून उभं राहिलं. मला हात सोडता येईनात. सोडला तर तालमीचा देखावा गेला आणि आक्काचं नाव गेलं, धरला तर आत्याबाईंच्या समोर पोरगी रडून निळी, आणि माझं काम गेलं. मी आप्पासाहेबांकडं बघितलं. ते म्हणले, नगं वैनी, माझं हात तालमीतलं, बाळ दबंल. आत्याबाईंकडं बघितलं, त्या हाताची घडी घालून उभ्या, म्हणल्या, "माझ्याकडं काय बघतीस? मी आज पावणी हाय."

मग राहिली आक्का. ती भिंतीला खेटून उभी हुती. मला म्हायती हाय तिला काय हुत हुतं. ती तशीच भिंतीकडनं सरकत सरकत पाळण्यापतोर गेली, चष्मा कपाळावर चढवला, आणि शिवूला दोन्ही काखेत धरून उचललं, आणि हात एकदम सरळ म्होरं. फूटपट्टीगत. शिवू हवेत पाय झाडत्या, वरडत्या, आणि आक्काचं हात थरथराय लागले, खांद्यापासनं बोटापतोर, आणि तिच्या तोंडातनं बारीक आवाज निघाय लागला, हंऽऽ हंऽऽ, झेपंना झालेल्या मोटरीगत.

मला कुठनं बळ आलं ठावं न्हाय. मी आक्काला कवा एक शब्द शिकवला न्हवता.

"आक्का, जवळ घ्या," मी म्हणलो. "जवळ घेतलं की हलकं."

आक्कानं माझ्याकडं बघितलं. मग कोपरं मोडली, सावकाश, आणि शिवू तिच्या छातीला लागली. शिवूनं पयल्यांदा कपाळावरचा चष्मा वढला, त्येची काडी तोंडात घातली, आणि गप. आक्का तशीच उभी, हलंना, डोळ्याची पापणी हलवंना.

"किती लागतंय, आक्का?" आप्पासाहेबांनी हळू इचारलं.

आक्का म्हणली, "मी हिला चौपट धरलंतं रं."

आत्याबाई हसाय लागल्या. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून. म्हणल्या, पाळणा ब्येस केलासा, पण लाईट गेली की तुमच्यात एकाला बी पोर धराय येत न्हाय, पैलवानाला बी न्हाय. उद्यापासनं दुपारचं मी हितंच येऊन बसतो. काम बंद करायचं काढलंच न्हाय. खांदा तवर घट्ट झाला हुता. मी हात काढले आणि तिथंच खाली बसलो.

तवापासनं आत्याबाई रोज दुपारी. आक्कानं त्येंच्यासाठी खुर्ची आणली, पण आधी तिच्यावर गुळाचं रवं रचून बघितलं, किती धरत्या ते. आत्याबाईंनी दारातनं ते रवं मोजले आणि दोन दिवस आक्काशी बोलल्या न्हाईत.

मग औंदा आक्काला गारगोटीला बोलावणं आलं, तिथल्या कॉलेजात पोरास्नी मोटरी शिकवायच्या. जायाच्या आदल्या दिवशी तिनं फूटपट्टी माझ्या हातात दिली आणि म्हणली, बॉक्स वाचत जा, पण घाबरू नगंस. मी म्हणलो, आर्धं घाबरतो. ती म्हणली, त्येचं आर्धं कर.

स्टँडवर मी आणि शिवू सोडाय गेलतो. शिवू आता चालत्या, पण आक्कानं गाडी लागंस्तोवर तिला खाली सोडलं न्हाय. गाडीत चढताना इचारायचं ते इचारलंच कंडाक्टरला, किती सीट बसवलीत, उभं किती. गाडी निघाली तसा तिनं खिडकीतनं हात बाहेर काढला, सरळ, मला तांब्या धराय लावला हुता तसा, आणि मूठ मिटलेलीच. टाटा करताना मूठ कोण मिटतंय, मला कळंना. कंडाक्टर आतनं वरडला, "आजी, हात आत घ्या." आक्का आजपतोर कुणाचं ऐकली न्हाय. पण कोपर मोडलं आणि हात छातीजवळ घेतला, आणि तवा मुठीतनं हिरवी नाडी लोंबताना दिसली.

गुळाला घातलेलं ते टोपडं, मी कवाधरनं घरभर हुडकत हुतो.